लाकूड वाळलं की नाही, हे हाताला नको, काट्याला विचारा

सोलर भट्टीचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी मापं आणि हिशोब लिहून मागितला होता. तो इथे देतोय. पण आधी मला भट्टीची गरज का पडली ते सांगतो.

माझं दुकान सिंधुदुर्गात. पुण्याच्या एका ऑफिससाठी आंब्याच्या लाकडाचे ४० ट्रे बनवले होते, ६५० रुपयांना एक. फळ्या शेडमध्ये चार महिने ठेवलेल्या. हात लावून बघितलं, टकटक वाजवून बघितलं, म्हटलं वाळल्या. दीड महिन्यात ११ ट्रे परत आले. काहींना तडा, काहींना बाक. ७,१५० रुपये गेले, वर दोन्हीकडचं कुरिअर. आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही, त्याची किंमत तर वहीत लिहिताच येत नाही.

चूक सुताराची नव्हती. चूक माझ्या अंदाजाची होती.

नेमकं काय झालं?

लाकूड आजूबाजूच्या हवेशी जुळवून घेतं. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल, तर कितीही महिने ठेवा, लाकडात साधारण १८ टक्के ओलावा राहतोच. तेच लाकूड ५० टक्के आर्द्रतेच्या एसी ऑफिसात गेलं की ९ टक्क्यांपर्यंत उतरतं. उरलेलं पाणी तिथे, गिऱ्हाइकाच्या टेबलावर बाहेर पडतं आणि लाकूड आकसतं. तेही सगळीकडे सारखं नाही. वार्षिक वर्तुळांच्या दिशेने आकसणं हे गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा जवळपास दुप्पट असतं. म्हणून बाक येतो, पीळ पडतो, तडा जातो.

म्हणजे माल जिथे जाणार, तिथल्या हवेइतका तो आपल्याकडेच वाळवायचा. कोकणात नुसत्या शेडमध्ये ते होत नाही. त्यासाठी भट्टी.

भट्टी कशी केली?

आतून ५ फूट लांब, अडीच फूट रुंद, ३ फूट उंच अशी प्लायची पेटी. छप्पर पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीटचं, उतार दक्षिणेकडे. मागची बाजू पुढच्यापेक्षा ९ ते १२ इंच उंच ठेवा. आतून सगळा काळा रंग. मागच्या भिंतीला खाली दोन आणि वर दोन झडपा.

फळ्यांच्या थप्पीवर काळी रंगवलेली प्लाय ठेवायची. तिच्यावर तापलेली हवा १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे मागे ढकलतात आणि ती थप्पीतून पुढे येते. पंखे छोट्या सोलर पॅनलवर चालतात. ऊन असलं की चालू, ऊन गेलं की बंद. वेगळं बटण नको. जुनी प्लाय वापरून माझा खर्च ८,५०० रुपये झाला.

थप्पी लावताना

दोन थरांमध्ये पाऊण इंचाच्या कोरड्या पट्ट्या, दर फुटावर एक. वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या रेषेत हवी, नाहीतर फळी तिथेच वाकते. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंट लावा. टोकातून पाणी फार लवकर जातं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. सगळ्यात वर वजन ठेवा.

घाई इथे महाग पडते

सगळ्यांना वाटतं, जेवढं तापेल तेवढं चांगलं. उलट आहे. ओल्या फळीचा वरचा थर झटकन वाळला आणि आत पाणी राहिलं, तर वरचा थर आकसायला बघतो, आतला आकसू देत नाही. मग पृष्ठभागावर चिरा पडतात.

सोलर भट्टीचा मोठा फायदा म्हणजे रात्र. रात्री पेटी थंड होते, आतली आर्द्रता वाढते, वरचा थर थोडा ओलावा परत घेतो आणि ताण सैल होतो. ही विश्रांती फुकट मिळते.

१ इंच जाडीच्या लाकडासाठी १ चौरस फूट छपराला साधारण १० बोर्डफूट लाकूड, हे प्रमाण धरा. १२ बोर्डफूट म्हणजे १ घनफूट. माझ्या साडेबारा चौरस फुटांच्या छपराला १० घनफूट बसतं. लाकूड याहून बरंच कमी भरलं तर तेवढ्या प्रमाणात छप्पर पोत्याने झाका, नाहीतर वाळण्याचा वेग वाढून चिरा पडतील. सुरुवातीला झडपा उघड्या, लाकूड वाळत जाईल तशा बंद करत न्या. मध्येच चिरा दिसल्या तर झडपा लगेच कमी करा.

आता मुख्य गोष्ट: काटा

फळीच्या टोकापासून आत, मधल्या भागातून १ इंचाचा तुकडा कापा आणि लगेच वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा ओला १५६ ग्रॅम, वाळून १२० ग्रॅम. गेलेलं पाणी ३६. भागिले १२०. म्हणजे ओलावा ३० टक्के. भागाकार नेहमी कोरड्या वजनाने करायचा, इथे बरेच जण चुकतात.

तुकडा कापल्या कापल्या उरलेल्या फळीचंही वजन करा. समजा २.६ किलो भरलं. भागिले १.३०, म्हणजे पूर्ण कोरडी असती तर २ किलो. आपल्याला १० टक्के हवंय, म्हणजे २.२ किलो. हा आकडा खडूने फळीवरच लिहा. ती फळी थप्पीत अशी ठेवा की सहज बाहेर काढता येईल. दर तिसऱ्या दिवशी वजन करा. २.२ आलं, काम झालं. त्याआधी सुताराने रंधा उचलायचा नाही, ऑर्डर कितीही घाईची असो.

माझ्याकडे फळ्या आधी दीड-दोन महिने सावलीत, मग भट्टीत चार-पाच आठवडे. ऑक्टोबर ते मे मध्ये पाच फेऱ्या होतात. पावसाळ्यात भट्टी बंद. वाळलेला माल प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, नाहीतर तो पुन्हा ओलावा ओढतो. आणि कीड लागलेली फळी भट्टीत घालू नका. कीड मारायला लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सलग ३० मिनिटं लागतात, तेवढ्याची खात्री ही पेटी देत नाही.

हिशोब

वर्षाला ५० घनफूट, तीन वर्षांत १५०. भट्टीचा खर्च घनफुटाला ५७ रुपये पडला. माझ्या एका परत आलेल्या ट्रेची किंमत ६५० होती.

तुमच्या शेडमध्ये आत्ता जी फळी 'वाळलेली' म्हणून पडली आहे, तिचा एक तुकडा आजच कापून वजन करा. आकडा बघून ठरवा, भट्टी लागते की नाही. भेटूया पुढच्या व्हिडिओत!