टेबलावरचा तांब्या आणि भोवतीची माणसं

टेबलावर पितळेचा तांब्या, शेजारी दोन कांदे, एक वांगं आणि मागे सोडलेलं पांढरं कापड. एका बाजूने दिवा. भोवती आठ-दहा माणसं, बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून ब्रश धरलेला नाही. नवशिक्यांच्या स्थिरचित्रणाच्या वर्गातलं हे नेहमीचं दृश्य. ‘एलिमेंटरी’च्या परीक्षेतलं वस्तुचित्र आठवून काहींच्या पोटात आजही गोळा येतो.

पहिल्या दिवशी बहुतेकांचा तांब्या एकाच पद्धतीने चुकतो. तोंड पूर्ण गोल आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ. यात दोष हाताचा कमी, मेंदूचा जास्त. तांब्याचं तोंड गोल असतं हे मेंदूला पक्कं ठाऊक असतं. बसल्या जागेवरून ते चपटं लंबवर्तुळ दिसत असलं तरी तो मनातला गोलच काढायला लावतो. कापडाच्या घडीतली सावली करडी, कधी निळसर असते, पण कापड ‘पांढरं’ म्हणून तीही पांढरीच रंगवली जाते. रोजच्या जगण्यात ही सवय उपयोगाची आहे. तिच्यामुळेच उन्हात आणि सावलीत एकच सदरा एकाच रंगाचा वाटतो. चित्र काढताना मात्र ती बाजूला ठेवावी लागते. बघायचं, क्षणभर लक्षात धरायचं, हात चालवायचा, पुन्हा ताडून बघायचं. लक्ष, स्मरण आणि बोटांवरचा ताबा यांचा हा एकत्र व्यायाम आहे.

जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली २८ निवृत्तांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे काहींनी स्वतः कलाकृती केल्या, तर काहींनी संग्रहालयातल्या चित्रांवर चर्चा केली. मेंदूच्या भागांमधला परस्परसंपर्क स्वतः करणाऱ्यांमध्ये अधिक सुधारलेला दिसला. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकाम केलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी झालं. कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. पण दोन्ही अभ्यास छोटे, दुसऱ्यात तर तुलनेसाठी वेगळा गटही नव्हता. तेव्हा रक्तदाबाची गोळी बंद करून ब्रश हाती घेण्याचं कारण नाही.

अधिक महत्त्वाची गोष्ट टेबलाभोवतीच्या खुर्च्यांची आहे. जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५चा अहवाल सांगतो. हृदयविकार, पक्षाघात आणि नैराश्य यांचा धोका एकटेपणात वाढतो. जोडीदार नुकताच गमावलेल्या माणसाला ‘गप्पा मारायला या’ म्हटलं की तो टाळतो. ‘कांदा रंगवायला या’ हे निमंत्रण त्याला सोपं जातं. नजर तांब्याकडे असते, बोललंच पाहिजे असं नसतं आणि ‘जरा पिवळा द्या’ म्हणता म्हणता बोलणं सुरू होतं. प्रत्येकाची जागा वेगळी, त्यामुळे एकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. शेजाऱ्याची नक्कल करून भागतच नाही. अशा वर्गात गुण देणाऱ्या शिक्षकाने येऊच नये.

चष्म्याचं मात्र बघावं. कागद हाताशी आणि तांब्या चार-पाच फुटांवर, त्यामुळे केवळ वाचनाच्या चष्म्याने डोकं दुखतं. हात थरथरत असेल तर जाड दांड्याचा ब्रश घ्यावा, मनगट टेकवावं. सुरुवातीला जलरंग पुरेत, टर्पेंटाइनचा वास दम्याच्या रुग्णांना त्रास देतो. आणि चहाचा कप ब्रश धुण्याच्या कपापासून लांब ठेवावा. ही चूक सगळेच एकदा करतात.

कधी कागदावर आजारही दिसतो. मोतीबिंदूत भिंग पिवळसर होतं आणि निळा रंग मंद दिसू लागतो. क्लॉद मोने यांच्या मोतीबिंदूवर १९२३ साली शस्त्रक्रिया झाली. त्याआधीच्या काही चित्रांत तांबूस-पिवळे रंग चढलेले दिसतात. वांग्याचा जांभळा कुणाला सतत तपकिरीच दिसत असेल तर शिक्षकाने रंग दुरुस्त करण्याऐवजी डोळे तपासून घ्यायला सांगावं. मेंदूच्या उजव्या भागात पक्षाघात झालेल्या काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ते अर्धाच तांब्या काढतात आणि चित्र पूर्ण झालं म्हणतात. गेल्या आठवड्यापर्यंत नीट काढणाऱ्याने आज अचानक डावी बाजू सोडली, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर घरी जाऊन झोपू देऊ नये. लगेच १०८ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.