राजघाटावरचा तंबू

मूल आपले काम आपणच निवडते, मनाजोगे होईपर्यंत तेच करत बसते आणि मोठ्या माणसाने तेवढा वेळ हात आवरून बघायचे असते. बालकेंद्री शिक्षणाचे मूळ तत्त्व एवढेच. अडीच वर्षांचे मूल एका वाटीतले पाणी दुसरीत ओतते. अर्धे फरशीवर सांडते. ते पुन्हा भरते, पुन्हा ओतते आणि सातव्या-आठव्या खेपेला मनगट किती वळवायचे ते हाताला उमगते. तिसऱ्याच खेपेला कोणी ‘दे, मी दाखवते’ म्हणत वाटी काढून घेतली, तर पाणी सांडायचे थांबते आणि शिकणेही.

मारिया माँटेसरींनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिले बालगृह उघडले ते सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. दिल्ली, गुडगाव, नोएडात आज ‘माँटेसरी’ची पाटी दिसते ती बहुतेक बऱ्या उत्पन्नाच्या सोसायट्यांच्या आसपास. हे नाव कोणालाही लावता येते, त्यामुळे पाटी वाचून आत काय चालते त्याचा पत्ता लागत नाही. तत्त्वाची खरी परीक्षा दिल्लीत झाली ती मात्र मजुरांच्याच मुलांपाशी.

१९६९ हे गांधी जन्मशताब्दीचे वर्ष. राजघाटाजवळ ‘गांधी दर्शन’ प्रदर्शनाची उभारणी चालू होती. घमेली वाहणाऱ्या बायांची तान्ही मुले तिथेच धुळीत पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली आणि तंबूत पाळणाघर सुरू झाले. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातून उभी राहिली. इमारत पुरी झाली की मजूर दुसऱ्या साइटवर जातात आणि पाळणाघरही उठते, म्हणून नाव ‘मोबाइल’. तान्ह्याला कडेवर घेऊन सहा-सात वर्षांची बहीण आली, तेव्हा तीही अजून मूलच आहे हे ध्यानात आले. म्हणून तान्ह्यांसाठी पाळणाघर, तीन ते सहा वर्षांच्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी शाळेची तयारी असे तीन भाग पडले. पाळणाघर नीट चालले तरच त्या बहिणीचे हात मोकळे होतात, हे इतर बालशाळांना सहसा विचारात घ्यावे लागत नाही.

मुलाकडे शाळेने जायचे, ही कल्पना मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करून आल्या होत्या. माँटेसरी साहित्य महागडे, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांवर भागवायचे हा त्यांचा खाक्या. १९४५ मध्ये बोर्डीला अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. ती अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मुले गुरांमागे जात, मग कुरणातच शाळा भरली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. दिल्लीतल्या कित्येक अंगणवाड्या भाड्याच्या खोलीत भरतात. शब्द पोचला, अंगण मागे राहिले. पोषण आहार, वजन आणि नोंदवह्या यांत सेविकेचा दिवस जातो. मुलाकडे नुसते बघत बसायला फुरसत लागते, आणि नेमकी तीच योजनेत कमी पडते.

साइटवरच्या बालवाडीत आणखी एक पेच असतो. घरात बुंदेली, मैथिली किंवा बंगाली बोलणारे मूल ताईच्या हिंदीपुढे गप्प बसते. ते मंद नसते, त्याच्याजवळ शब्द वेगळे असतात. ठोकळे, ओल्या मातीच्या भाकऱ्या, भातुकली अशा खेळांत ते आधी हाताने बोलते आणि तोंड मागाहून उघडते.

कायद्याचा आधार तुटपुंजा आहे. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने ५० हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या जागी पाळणाघर बंधनकारक केले होते. पण जोडप्याची मजुरी नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर लागली, तर कागदावर ५० बाया भरायच्या कशा? २००९ चा शिक्षणहक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायला मात्र त्याच कायद्याने बंदी केली. नर्सरीसाठी तीन वर्षांच्या मुलाला रंग आणि फळे पाठ करवणाऱ्या दिल्लीत ही बाब मोठी होती. उच्च न्यायालयाने नेमलेल्या गांगुली समितीमुळे तिथे अशा मुलाखतींना आधीच आळा बसू लागला होता. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यात तर तीन ते सहा वयासाठी परीक्षाच नको, निरीक्षण पुरे, असे आहे.

साइटवर निरीक्षणही घाईने उरकून चालत नाही. पण मूल आठ महिने येईल की आठ दिवस, हे स्लॅबच्या वेगावर ठरते. वर्षभराचा अभ्यासक्रम तिथे आखता येत नाही, म्हणून प्रत्येक दिवस त्या दिवसापुरता पुरा करावा लागतो: सकाळी गाणे, मग मुलाने निवडलेले काम, गरम जेवण, झोप आणि संध्याकाळी आई येईपर्यंत पुन्हा तेच काम, मुलाला हवे असेल तर.