अकरा तासांचा दिवस, एक कोटीची तूट

२२ डिसेंबरला आष्टी तालुक्यातल्या कडा गावात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. दिवस अकरा तासांचा. जूनमध्ये तोच सव्वातेरा तासांवर जातो. या सव्वादोन तासांचं माणसाला फारसं काही वाटत नाही, पण कोंबडीला वाटतं. उजेड तिच्या डोळ्यांतून तर जातोच, शिवाय कवटीतून झिरपून थेट मेंदूपर्यंत पोचतो, आणि तिथून अंडाशयाला हुकूम सुटतो. भरपूर अंडी द्यायला तिला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाला कितीही नावं ठेवली, तरी कोंबडीच्या हिशोबात आष्टी तालुक्यातला सूर्य बारा महिने अपुराच.

नेमकी थंडीतच अंड्यांची मागणी वाढते. जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन विभागानेच सांगितलं होतं: महाराष्ट्राला रोज सव्वादोन कोटींहून जास्त अंडी लागतात, राज्यात होतात एक ते सव्वा कोटी. उरलेली कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूतून येतात. तूट एक कोटीची, तीही रोजची.

एक कोटी अंड्यांच्या कवचाचंच वजन पंचावन्न टनांच्या घरात जातं. ती घालायला, शंभरातल्या ऐंशी कोंबड्या रोज अंडं देतात असं धरलं, तर सव्वा कोटी लेयर, म्हणजे अंड्यांसाठीच पाळलेल्या कोंबड्या, हव्यात. एकीला दिवसाला ११० ग्रॅम खाद्य धरा: रोजचे पावणेचौदाशे टन. पाणी पाव लिटर धरा: एकतीस लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीनशेवर टँकर. टँकरची वाट पाहिलेल्या तालुक्यात हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. आणि हे काम गावरान कोंबडीवर सोपवलं, तर वर्षाला साठ अंड्यांच्या हिशोबाने सहा कोटी कोंबड्या लागतील. ती पंधरा अंडी घालून खुडूक बसली की डिसेंबर असो की जून, तिच्या लेखी सारखंच.

जानेवारी २०२३ मध्येच विभागाने तोडगा मांडला होता: जिल्ह्यागणिक हजार पिंजरे आणि सवलतीत व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या. पिंजऱ्यामागे पन्नास कोंबड्या धरल्या तर, मुंबईचे दोन्ही जिल्हे मोजूनसुद्धा, रोजची साडेचौदा लाखांच्या आतबाहेर अंडी. एक कोटीपुढे ती किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता एकाच कोंबडीकडे पाहू. दीड किलोची लेगहॉर्न वर्षात तीनशे अंडी देते, म्हणजे सतरा किलो, स्वतःच्या वजनाच्या अकरापट. प्रत्येक कवचात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम, वर्षाचं सहाशे ग्रॅमच्या वर. तिच्या साऱ्या हाडांत मिळून ते असतं जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. अंगात नसलेला चुना ती रोज पोटातून आणते, आणि एका अंड्यावर कवच चढवायला वीस तास घेते.

अशी वर्षभर राबलेली कोंबडी दिवस आखडला की पिसं टाकते. अंगावर आठ हजारांच्या आसपास पिसं, वजन ऐंशी-नव्वद ग्रॅम, जवळपास सगळं प्रथिन. ते भरतं बारा-तेरा अंड्यांतल्या प्रथिनाएवढं. या हिशोबाने पंधरवड्याची सुट्टी पुरायला हवी. कोंबडी मात्र दोन-तीन महिने अंडं देत नाही. कारण अंडाशयच आकसतं आणि मग नव्याने उभं राहतं. आणि पिसं प्रथिनांचीच, म्हणून या काळात तिला नुसती मका घालून भागत नाही, सोयाबीन पेंड वाढवावी लागते.

पंख उघडून पाहिला तर कोंबडीचा कस कळतो. पंखाच्या टोकाकडे दहा मोठी पिसं. एक नवं यायला सहा आठवडे. आळशी कोंबडी ती दोन-दोन आठवड्यांनी एकेक टाकते, चोवीस आठवडे लावते. चांगली कोंबडी उशिरा सुरू करते, तीन-चार एकदम झाडते आणि त्याच्या निम्म्या वेळात मोकळी होते. दारात उघडी-बोडकी दिसणारी कोंबडी बाजारात विकायची घाई करतात, तीच अनेकदा ठेवण्यासारखी असते.

मोठ्या शेडमध्ये सगळ्यांची पिसं एकदम झडावीत म्हणून कोंबड्यांना उपाशी ठेवायचे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०११ मध्ये ते थांबवायला सांगितलं.

हिवाळ्यातला दिवस चौदा तासांचा करायला परसातल्या वीस-पंचवीस कोंबड्यांना पहाटे चार ते सात नऊ वॅटचा एक दिवा पुरतो. भर दुपारचं ऊन लाखभर लक्सचं. खुराड्यात दहा लक्स झाले तरी काम होतं. महिन्याला वीज एक युनिटही नाही. दिवा पहाटेच लावावा, संध्याकाळी एकदम विझवला तर कोंबड्या अंधारात जमिनीवरच अडकतात. मात्र एकदा सुरू केला की रोज हवा. मध्येच डीपी जळून आठवडाभर वीज गेली, तर अंडी थांबून पिसं गळायला लागतात.