उद्धच्च-कुक्कुच्च : चिंतेचे पालि नाव

दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात पाच नीवरणांना पाच उपमा दिल्या आहेत. कामच्छंदाला ऋणाची, व्यापादाला रोगाची, थीनमिद्धाला कारागृहाची, विचिकिच्छेला ओसाड अरण्यमार्गाची. आणि उद्धच्च-कुक्कुच्चाला दास्याची. ही दास्याची उपमा आमच्या वाचकांनी थांबून वाचावी अशी आहे. उद्धच्च म्हणजे चित्ताची अस्थिरता, कुक्कुच्च म्हणजे केल्या-न केल्या गोष्टींची टोचणी. दासाला इच्छेप्रमाणे कोठे जाता येत नाही. चिंताग्रस्त मनही तसेच पराधीन असते. कल्याणहून सकाळची लोकल धरणारा नोकरदार अद्याप डोंबिवलीलाही पोचलेला नसतो, पण मनाने तो साहेबांपुढे उभा राहून उत्तरे देऊ लागलेला असतो.

कल्याणच्या आमच्या पालि वर्गात अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी येत असे. राखीव जागेवरील प्रवेशावरून सहाध्यायी त्याला टोमणे मारीत. उत्तर येत असूनही महाविद्यालयात त्याचा हात वर होत नसे. “सर, मी खरोखरच कमी आहे का?” असे त्याने विचारले, तेव्हा आम्ही त्याची गुणपत्रिका पुढे ठेवून तू कमी नाहीस हे पटवू लागलो. ही आमची चूक होती. पुढील परीक्षेत गुण घसरले आणि आम्ही दिलेला आधारही त्यांच्याबरोबर गेला.

पालि वाङ्मयात मानाचे तीन प्रकार आढळतात : मी श्रेष्ठ, मी समान, मी हीन. हीनतेची भावनाही मानच, हे प्रथम निष्ठुर वाटते. जणू पीडितालाच दोष दिला. परंतु दोष तराजूचा आहे, आणि वर्णव्यवस्थेने तो दुसऱ्यांच्या हाती दिलेला होता. बाबासाहेबांचा स्वाभिमान त्या तराजूत वरचढ ठरण्यासाठी नव्हता. माणसाची प्रतिष्ठा ही तोलण्याची वस्तूच नव्हे, असा तो दावा होता. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धतीही कृतीचे मूल्यमापन करा, माणसाचे नको, असेच सांगते. त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढे एवढेच लिहावयास सांगितले : कोणते उदाहरण चुकले, आणि का.

वितक्कसण्ठानसुत्तातील घाईने चालणारा मनुष्य ‘मी घाई का करतो आहे?’ असे स्वतःस विचारतो. मग सावकाश चालतो, उभा राहतो, बसतो, आडवा होतो. विचारांचा वेग असाच टप्प्याटप्प्याने उतरतो. ‘चिंता करू नकोस’ या आज्ञेने नव्हे.

अंगुत्तरनिकायात कायिक व चेतसिक असे दोन रोग सांगितले आहेत. आठवडेच्या आठवडे झोप उडाली, छातीत धडधड राहिली किंवा जगणे नकोसे झाले, तर ध्यानशिबिर हा वैद्याला पर्याय नव्हे. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासूनचे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही कुचेष्टा आपल्या वस्त्यांतही चालते आणि तिच्या धाकाने माणसे उपचार टाळतात. त्याच ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी व सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानसचा 14416 हा विनाशुल्क क्रमांकही आहे. रात्री-अपरात्रीही तेथे मराठीत बोलता येते. विहाराच्या सूचनाफलकावर वंदनेच्या वेळापत्रकाशेजारी तो लिहिण्यास जागा सहज निघते.