मनीची विमानवारी आणि पिशवीची गोष्ट

घर हलवायचं म्हटलं की काय काय बांधावं लागतं, ते तुम्हां मैत्रिणींना मी वेगळं सांगायला नको. भांडीकुंडी, गाद्या, देवघर, लोणच्याच्या बरण्या! पण घरातलं मांजर कसं बांधायचं, हे कुणी सांगत नाही. ते मला शिकावं लागलं, आणि तेही नागपूरच्या विमानतळावर, चारचौघांत फजिती करून घेऊन.

मामंजी गेल्यावर सासूबाई नागपूरच्या घरी एकट्याच राहत होत्या. सोबतीला फक्त मनी. मामंजींच्या आजारपणात ही मांजर कुठूनशी आली आणि त्यांच्या पायथ्याशी जी बसली, ती शेवटपर्यंत. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, “आता आजींना एकटं ठेवू नका.” तेव्हा सासूबाई पुण्याला आमच्याकडे यायला तयार झाल्या, पण एका अटीवर. “मनी येणार असेल तर मी येते. नाहीतर माझा आग्रह करू नका.”

आता नागपूर-पुणे म्हणजे आगगाडीने रात्रभराहून जास्त प्रवास. सासूबाईंच्या गुडघ्यांना तो झेपणारा नव्हता. विमानाने मात्र दीड तासाच्या आत काम. ह्यांनी चौकशी केली, तर मांजर केबिनमध्ये, आपल्या पुढच्या सीटखाली ठेवून नेता येतं, असं कळलं. झालं! पिशवी आणायचं काम माझ्याकडे आलं.

आणि मी काय केलं? जे आपण सगळ्याजणी साडी घेताना करतो, तेच. रंग पाहिला! गुलाबी, चकचकीत, खाली चाकं, वर पारदर्शक झाकण. वर लिहिलेलं, ‘एअरलाइन अप्रूव्हड’. मी म्हटलं, वा! आणखी काय हवं?

काउंटरवरच्या मुलीने मोजपट्टी लावली. चाकांसकट उंची मर्यादेपेक्षा अडीच इंच जास्त. पेटी कडक, त्यामुळे दाबून बसण्याचाही प्रश्न नाही. बिचारी म्हणाली, “मॅडम, ही सीटखाली जाणारच नाही.” तिचं काही चुकलं नव्हतं. मी हुज्जत घालून पाहिली, पण इंच काही हुज्जतीने कमी होत नाहीत. सासूबाईंनी शांतपणे पेटी उचलली आणि म्हणाल्या, “तुम्ही दोघं जा. मी मनीला घेऊन घरी जाते.” चार दिवसांनी त्या घरात भाडेकरू यायचे होते!

अखेर तिकिटं बुडाली, भाडेकरूंना तीन आठवडे थांबवलं, आणि मी वही-पेन्सिल घेऊन बसले. शाळेत पोरांना क्षेत्रफळ शिकवते, पण स्वतःच्या मांजराचं माप घ्यायचं मला सुचलं नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हा प्रपंच.

आधी माप, मग मोह

पहिलं माप आपल्या प्राण्याचं. शिवणाची टेप घ्या. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, आणि उभं असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची. आत त्याला उभं राहता, वळता आणि अंग पसरून झोपता आलं पाहिजे. बहुतेक कंपन्या हेच पाहतात. प्राणी ठासून भरलेला दिसला, तर पिशवी मापात असूनही नकार मिळतो.

दुसरं माप विमानाचं. इथेच खरी गंमत आहे. प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी! आपल्याकडे एअर इंडिया पूर्वीपासून कुत्री-मांजरं केबिनमध्ये नेते. तिची पिशवीची मर्यादा बरीच वर्षं १८ × १८ × १२ इंच, आणि वजन पिशवीसकट ५ किलो अशी होती. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून प्राणी न्यायला सुरुवात केली, तेव्हा केबिनसाठी पिंजऱ्यासकट ७ किलोची मर्यादा ठेवली. असे आकडे पुढे बदलत जातात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या त्या कंपनीकडून त्या दिवशीचा आकडा विचारून लिहून घ्या. शेजारणीच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. काही कंपन्या तर पाळीव प्राणी घेतच नाहीत.

मुलगी-जावई परदेशी असतील, तर हा फरक आणखी कळतो. लुफ्तान्साची मर्यादा ५५ × ४० × २३ सेंटिमीटर आणि पिशवीसकट ८ किलो. केएलएमची ४६ × २८ × २४ सेंटिमीटर. अमेरिकेच्या युनायटेडमध्ये मऊ पिशवी ४६ × २८ × २८ चालते, पण कडक पेटी असेल तर उंची फक्त १९ सेंटिमीटर! म्हणजे युनायटेडला चालणारी २८ सेंटिमीटर उंचीची पिशवी लुफ्तान्साच्या काउंटरवर अडेल. विमान बदलायचं असेल, तर सगळ्यांत लहान मर्यादा धरूनच खरेदी करा. आणि ब्रिटनला जायचं असेल, तर केबिनचा विचारच सोडा. तिथे पाळीव प्राणी केबिनमधून उतरवता येत नाही, मालवाहतुकीतूनच न्यावा लागतो.

आता त्या ‘एअरलाइन अप्रूव्हड’ शिक्क्याबद्दल. मीही त्यालाच भुलले होते. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम घालून देते, पण कुठल्याही कारखान्याच्या पिशवीला ती पसंतीचा शिक्का देत नाही. तो शब्द विकणाऱ्याचा असतो, विमानवाल्याचा नव्हे. दुकानात टेप घेऊन जा, लाजू नका. मोजायचं ते बाहेरून. चाकं, मूठ, खिसे सगळं धरून.

मऊ की कडक?

विमानाच्या सीटखालची जागा काही डब्यासारखी चौकोनी नसते. मध्येच सीटचा पाय येतो, कडेला पेटी येते. मऊ पिशवी अशा ठिकाणी थोडी दबते आणि बसते. कडक पेटी अडते. म्हणून केबिनसाठी मऊ पिशवीच बरी. गंमत अशी की, ही मऊ पिशवी लोकप्रिय केली ती एका हवाई सुंदरीने. अमेरिकेतल्या गेल मार्ट्झ या बाईंनी आपल्या ल्हासा ॲप्सो कुत्र्याला बरोबर नेता यावं म्हणून तशी पिशवी तयार केली आणि विमान कंपन्यांचं मन वळवलं. बाईमाणसाच्या मायेतून किती गोष्टी निघतात, पाहा.

पण मऊ म्हणजे लुळी नव्हे, बरं का! तळाला घट्ट फळी हवी, नाहीतर प्राण्याच्या वजनाने मध्ये झोळी होते. छप्पर आत कोसळू नये म्हणून वरच्या कडेत तार किंवा पट्टी हवी. आणखी काय पाहायचं, ते सांगते:

जाळी निदान तीन बाजूंनी असावी, आणि नखाने न फाटणारी असावी. बोटाने ओढून पाहा.

चेनचं टोक आतून पंजाने सरकवता येतं. मांजरं याबाबतीत मोठी हुशार! टोकाला छोटी कडी अडकवता येणारी चेन घ्या.

आत पट्टा अडकवायला आखूड दोरी असावी, आणि ती छातीच्या पट्ट्याला लावावी. गळपट्ट्याला लावली, तर हिसक्याने फास बसायची भीती.

वजन किती ते पाहा. माझी गुलाबी पेटी सव्वादोन किलोची होती. नंतर घेतलेली पिशवी सव्वा किलोच्या आत. मनी जवळजवळ चार किलोची. हिशोब तुम्हीच करा.

चाकं आणि तो पारदर्शक घुमट दिसायला छान. पण चाकं उंची खातात, आणि घुमटात उन्हात बसलं की भट्टी होते.

आणि दिसण्याचं काय?

आता म्हणाल, हे सगळं खरं, पण पिशवी ओबडधोबडच वापरायची का? मुळीच नाही! मी करड्या रंगाची साधी पिशवी घेतली. ती पाहून माझी लेक म्हणाली, “ई, ही तर डबा न्यायची पिशवी वाटते!” मग सासूबाईंनी ट्रंक उघडली. आत जुन्या खणाचे दोन चोळीतुकडे होते, जांभळे, हिरव्या काठाचे. त्यातून आम्ही दोघींनी पट्ट्याला आवरण शिवलं आणि पुढच्या खिशावर एक तुकडा लावला. खर्च शून्य. विमानतळावर दोन बायकांनी विचारलं, “कुठून घेतलीत हो?”

मात्र शिवताना एवढं सांभाळा: जाळीवर कापड येऊ देऊ नका, आणि टिकल्या, घुंगरू, लोंबते गोंडे टाळा. मांजर ते चावून गिळतं. पिशवीचा रंग गडद नको, उन्हात तापते. आतलं अस्तर फिकट असलं की ओलं झालेलं, रक्त वगैरे काही असलेलं लगेच दिसतं.

तळाशी आधी शोषून घेणारं पॅड, त्यावर जुन्या सुती साडीची घडी. आम्ही सासूबाईंच्या नेसून मऊ झालेल्या साडीचाच तुकडा घातला. त्या वासाने मनी निम्मी शांत झाली. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. फिनेल मात्र वापरू नका, आणि डांबराच्या गोळ्याही ठेवू नका. दोन्ही मांजरांना विषारी.

तीन आठवड्यांची तालीम

पिशवी आणून आदल्या रात्री मांजर आत कोंबलं, तर ते ओरडणारच. आम्ही पिशवी पहिल्या दिवसापासून उघडी ठेवली, मनीच्या आवडत्या कोपऱ्यात. जेवणाची ताटली आधी पिशवीजवळ, मग दारात, मग आत. दुसऱ्या आठवड्यात पाच मिनिटं चेन लावून. तिसऱ्यात रिक्षाने चौकापर्यंत फेरी. शेवटी शेवटी ती दुपारची झोप पिशवीतच काढू लागली.

जनावरांच्या डॉक्टरांकडे वेळेवर जा. रेबीजची लस टोचल्याची नोंद आणि प्रवासाला योग्य असल्याचा दाखला लागतो. दाखला किती दिवसांचा चालतो, तेही कंपनीला विचारा. झोपेचं औषध आपल्या मनाने देऊ नका. उंचीवर श्वास आणि रक्तदाबाला त्याने धोका होऊ शकतो. पग किंवा पर्शियन मांजरासारख्या चपट्या नाकाच्या प्राण्यांना श्वासाचा त्रास मुळातच असतो. काही कंपन्या त्यांना घेतही नाहीत. निघण्याआधी चार तास पोटभर खाणं नको, पाणी थोडं थोडं द्या.

आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही. सुरक्षा तपासणीत पिशवी यंत्रातून जाते, प्राणी जात नाही. त्याला बाहेर काढून कडेवर घ्यावं लागतं! घाबरलेलं मांजर त्या गर्दीत निसटलं, तर? म्हणून छातीचा पट्टा घरूनच घालून न्या, आणि तिथे आधी विनंती करा की, आडोशाला तपासा. आमच्या वेळी तपासणीच्या ताईंनी आनंदाने ऐकलं. मनीच्या पाठीवरून हातही फिरवला!

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा त्याच काउंटरवर उभे राहिलो. माझ्या पोटात गोळा. मुलीने मोजपट्टी लावली, वजन केलं, दाखला वाचला आणि हसून म्हणाली, “परफेक्ट.” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत, फक्त माझा हात दाबला.

विमान उडताना मनी दोनदा ओरडली. सासूबाईंनी चप्पल काढून पाऊल हळूच पिशवीच्या जाळीला टेकवलं. आतून मनीने त्यावर अंग घासलं आणि पुण्यापर्यंत गप्प बसली. मामंजींच्या पायाशी बसायची ना, तश्शीच.

आता मनी आमच्या गॅलरीत ऊन खाते आणि ती पिशवी पलंगाखाली उघडी असते. दुपारी दोघींची झोप एकाच वेळी होते, एक पलंगावर, एक पलंगाखाली.

तेव्हा मैत्रिणींनो, पिशवी जरूर देखणी घ्या. पण घेताना पर्समधून आधी टेप काढा, मग पैसे!