पुनरुत्थान : ख्रिस्ती श्रद्धेचा कणा

गुड फ्रायडेची सुटी सर्वांच्या परिचयाची असते. ईस्टर मात्र रविवारी येत असल्याने इतर समाजाच्या नजरेतून निसटतो. वास्तविक ख्रिस्ती श्रद्धेचा सारा भार त्या रविवारावरच आहे. ख्रिस्त मरणातून उठलाच नसेल तर आपला प्रचार फोल आहे, इतकेच नव्हे तर आपण देवाविषयी खोटी साक्ष देणारे ठरतो, असे संत पौलाने इ. स. ५५च्या सुमारास करिंथच्या मंडळीला कळवले होते. आपला धर्म कोणत्या एका गोष्टीने कोसळेल हे प्रचारकानेच सांगून ठेवावे, हे विरळाच!

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे आणि आत्म्याचे अमरत्वही नव्हे. आपल्या परिचयाच्या कल्पनेत देह जुन्या वस्त्रासारखा टाकला जातो. ख्रिस्ती विश्वासानुसार तोच देह पालटून पुन्हा उठायचा असतो. येशूचे उठणे ही त्याची सुरुवात.

या विश्वासाची कसोटी ठाण्याने सातशे वर्षांपूर्वी पाहिली आहे. एप्रिल १३२१मध्ये, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स आणि तिफ्लिसचा दिमित्री यांना येथे ठार करण्यात आले. सिएनाच्या पीटरला दोन दिवसांनी. काझीपुढील धर्मचर्चेत त्यांनी आपली श्रद्धा सोडली नव्हती. ईस्टर अवघ्या दहा दिवसांवर होता. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांचे देह सोपाऱ्यात पुरले. पुढे ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्या अस्थी वस्त्रांत गुंडाळून समुद्रमार्गे चीनमधील झैतून, म्हणजे आजच्या च्वानचौपर्यंत नेल्या. देह केवळ टाकाऊ कवच असता, तर समुद्रातून हाडांचे गाठोडे जपत नेण्याचा खटाटोप कोणी कशाला केला असता?

ख्रिस्ती दफनविधीमागेही हाच विचार आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीसारख्या दाटीच्या शहरांत जागेचा प्रश्न त्याला येऊन भिडतो. कॅथलिक चर्चने १९६३मध्ये दहनाला मुभा दिली, पण एका अटीवर : त्यामागे पुनरुत्थान नाकारण्याचा हेतू नसावा. २०१६च्या सूचनांनी आणखी स्पष्ट केले, की रक्षा विखुरू नये, पाण्यात सोडू नये, घरातही ठेवू नये. ती दफनभूमीसारख्या पवित्र ठिकाणीच जपावी.