बावखल राखा : पुराचा बंदोबस्त आणि उन्हाळ्याची बेगमी



वसई-विरारकडच्या बागायतदाराच्या पाण्याबद्दल दोन तक्रारी असतात. आषाढात वाडीत गुडघाभर पाणी तुंबतं, केळीची मुळं कुजतात, पानवेल पिवळी पडते. आणि वैशाखात त्याच वाडीतल्या विहिरीला मचूळ पाणी लागतं. एकाच जागी चार महिने पाणी जास्त आणि चार महिने कमी, असं का व्हावं, आणि त्यावर सरकारदरबारी व आपल्या बांधावर काय करता येईल, ते या पत्रकात पाहू.

पाणी तुंबतं कशाने?

आपल्या मुलखाची ठेवण डोळ्यांपुढे आणा. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. डोंगरावरचं पाणी पश्चिमेकडे धावतं. वाटेत रेल्वेचा भराव आहे, त्याखालच्या मोऱ्यांतून वाट काढत ते सखल भागात येतं आणि नाल्यांनी खाडीला मिळतं. पण उधाणाच्या भरतीला खाडीच फुगलेली असते. अशा वेळी पाऊस कोसळला की पाण्याला बाहेर पडायला जागा नाही. ओहोटी लागेपर्यंत ते कुठेतरी थांबणारच. पूर्वी ते शेतात, मिठागरात, तळ्यात आणि बावखलात थांबत असे. त्या जागा भरल्या गेल्या, तसं ते घरात आणि रस्त्यावर थांबू लागलं.

२०१८ सालचा जुलै महिना कोणी विसरलं नसेल. नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून १० जुलैला लोकल बंद पडल्या, वस्त्यांची वीज गेली, मिठागरातली माणसं पाण्यात अडकली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि मुंबईच्या आय.आय.टी.मधल्या तज्ज्ञांकडून पुराची कारणं तपासून घेतली. नाले-खाड्या मोकळ्या करण्याबरोबरच, पावसाचं पाणी काही तास थोपवून धरणारे तलाव करावेत, असा सल्ला त्यांनी दिला.

आता तुम्हीच सांगा, पाणी थोपवून धरणारा तलाव म्हणजे काय? आपल्या आज्या-पणज्यांनी वाडीवाडीत खणून ठेवलेलं बावखलच की!

बावखलाचं काम

बावखल दुहेरी काम करतं. पावसात ते आजूबाजूचं पाणी पोटात घेतं. पुढे तेच पाणी रेतीतून मुरून विहिरीला मिळतं. पूर्वी रहाट लावून त्यावरच वाड्या शिंपल्या जात.

किनाऱ्याला याचं मोल जास्त आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्यावर तरंगून असतं. शास्त्राचा ढोबळ हिशोब असा, की भूजल समुद्रसपाटीपेक्षा १ फूट वर असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडा थर टिकतो. पंपाने उपसा वाढला, मुरणारं पाणी घटलं, की वरचा एक फूट उतरतो आणि खालून खारं पाणी पुष्कळ वर येतं. विहीर मचूळ होते ती अशी. समुद्राची पातळी हळूहळू वाढत आहे, त्यामुळे हा धोका पुढे वाढणार आहे.

पुराचाही हिशोब करून पाहू. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४ लाख लिटर पाणी होतं. १० गुंठ्यांच्या बावखलात पाणी १ मीटर चढलं तर सुमारे १० लाख लिटर मावतं. म्हणजे अडीच एकरांवरचा १०० मिलिमीटर पाऊस एका बावखलात राहतो. एका बावखलाने पूर थांबणार नाही, हे खरं. पण गावात अशी वीस असली, तर पन्नास एकरांवरचं पाणी शेजाऱ्याच्या ओटीवर चढायचं थांबतं.

सरकारी कागद दोन, पाणी एक

आपत्तीचा कागद वेगळा आणि हवामानबदलाचा कागद वेगळा, अशी आजवरची रीत आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, तेव्हापासून हे काम पालघरहून चालतं. जिल्ह्याचा आपत्ती आराखडा दरवर्षी तपासून सुधारायचा असतो. होडी, दोर आणि निवाऱ्याची जागा एवढंच त्यात लिहून भागत नाही. कोणता भाग धोक्यात आहे आणि तो धोका आधीच कमी करायला काय करावं, हेही त्यात हवं, असं कायदा सांगतो. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिकेच्या शहरांसाठी निराळं शहर प्राधिकरण नेमायची मुभाही राज्याला मिळाली आहे.

दुसरीकडे ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा असतो. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान आहे. त्यात पाणी आणि हिरवाई राखण्याबद्दल गावांना आणि शहरांना गुण मिळतात. पण पुराच्या यादीत बावखल नाही आणि बावखलाच्या कामात पुराचा विचार नाही, असं झालं तर दोन्ही कागद अपुरेच. ही सांधेजोड कोणी करायची? पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच सुरुवात करावी.

आधीची तयारी फळाला येते याचा दाखला ओडिशात आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे निवारे बांधले, इशारा गावागावात पोचवला. २०१३ च्या फायलिन वादळात मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला.

गावाने काय करावे?

१. मृग निघण्याआधी जुन्या माणसांना बरोबर घेऊन गाव फिरावे. नाले, मोऱ्या, तळी, बावखले, खारबंधारे आणि त्यांच्या उघाड्या एका नकाशावर मांडाव्यात. २०१८ साली पाणी कुठवर आले होते, ती खूणही करावी.

२. बावखलाची सातबाऱ्यावर वा गावाच्या दप्तरात नोंद आहे का ते पाहावे. नोंद नसेल तर ती करून घेण्यासाठी लेखी अर्ज द्यावा.

३. १ मेच्या ग्रामसभेत हा नकाशा मांडून ठराव करावा. त्याची प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला द्यावी व पोच घ्यावी. गाव महापालिकेत असेल तर प्रभाग कार्यालयात अर्ज द्यावा.

४. गाळ काढणे आणि उघाडी दुरुस्ती ही कामे पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्यात घालून घ्यावीत. ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याचा पाठपुरावा करावा.

आपल्या वाडीत काय करावे?

बावखलातला गाळ वैशाखात काढावा. तो कुजवून केळीला घालता येतो. पण तळ फार खोल खणू नये, खारे पाणी लागते. कचरा आणि सांडपाणी त्यात सोडू नये. पाणी आत येण्याचा चर मोकळा ठेवावा. केळीच्या ओळींमधून चर काढून त्याचे तोंड बावखलाकडे द्यावे. वादळाचा इशारा मिळताच घड लागलेल्या झाडांना टेकू द्यावा.

खाजणातल्या भातशेतीसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे खार सोसणारे वाण आहेत. कृषी सहायकाला विचारून बियाणे घ्यावे. पीक पाहणीची नोंद वेळेवर करावी. सरकारी मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावे लागते. अडचणीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक लावावा.

शेवटी एक मनातली गोष्ट

बावखल बुजवलं तर जागेला दाम मिळतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण अडलं असेल तर त्या दामाकडे पाठ फिरवणं सोपं नाही. म्हणूनच राखण्याचा भार एकट्या मालकावर टाकू नये. ज्याच्या बावखलामुळे दहा घरं कोरडी राहतात आणि दहा विहिरी गोड राहतात, त्याला गाळ काढायला त्या दहा घरांनी हात लावावा, आणि पंचायतीने वा पालिकेने खर्चाची तरतूद करावी. ठरावात हे कलम जरूर घाला. एकदा भराव पडला की ती जागा पुन्हा खणून देणारं कोणी येत नाही.

यंदा मृगाआधी आपल्या गावचा नकाशा तयार झाला, तर आम्हाला पत्राने जरूर कळवा. राम राम.